बर्फाच्या वाटेवरचा विजेता

(टोर्लाइफ हाऊग हा नॉर्वे देशाचा थोर स्कीपटू. पहिल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच सामन्यांत त्याला चौथेही पदक मिळाले होते. त्या चौथ्या पदकाची कथा मात्र पन्नास वर्षांनी पूर्ण झाली. या पाठात त्याच्या जीवनाची आणि त्या पदकाची हकिकत सांगितली आहे.)

युरोप खंडाच्या अगदी उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. हा देश डोंगरांचा, दऱ्यांचा आणि दाट जंगलांचा आहे. तेथे हिवाळा फार लांबतो. कित्येक महिने जमीन बर्फाखाली झाकलेली असते. शेते, वाटा, घरांची छपरे, सगळे पांढरेशुभ्र होते. अशा बर्फातून चालायला लागले तर पाय गुडघ्यापर्यंत रुततात. मग माणसांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वीच शोधले. त्यांनी लाकडाच्या लांब, अरुंद फळ्या तयार केल्या. त्यांची पुढची टोके वर वळवली आणि त्या पायांना बांधल्या. यांनाच स्की म्हणतात. लांब फळीमुळे माणसाचे वजन एका जागी पडत नाही, ते पसरते. त्यामुळे पाय रुतत नाही आणि बर्फावरून घसरत पुढे जाता येते. हातात दोन काठ्या असतात. त्या बर्फात रोवून शरीर पुढे ढकलायचे. शिकारी, लाकूडतोडे, शेतकरी, शाळेत जाणारी मुले, सगळे जण स्की वापरत. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्यात स्कीचा खेळ चालतो. पण नॉर्वेत स्की हा आधी रोजच्या गरजेचा भाग होता, खेळ तो नंतर झाला.

अशा या देशात लिअर नावाच्या भागात २८ सप्टेंबर १८९४ रोजी टोर्लाइफ हाऊगचा जन्म झाला. लिअरजवळच द्रामेन हे शहर आहे. आजूबाजूला टेकड्या आणि जंगले आहेत. टोर्लाइफ याच परिसरात वाढला. पुढे तो द्रामेनच्या ड्राफ्न या क्रीडामंडळाकडून खेळू लागला.

स्कीच्या खेळाचे मुख्य दोन प्रकार त्या काळी नॉर्वेत होते. पहिला प्रकार म्हणजे लांब अंतराची शर्यत. या शर्यतीत सपाट मैदान नसते. कधी चढ, कधी उतार, कधी जंगलातील वळणे, अशा वाटेने मैलोन् मैल जायचे असते. सर्व स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ते थोड्या थोड्या अंतराने एकेक करून निघतात आणि प्रत्येकाने किती वेळ घेतला हे घड्याळावर मोजतात. त्यामुळे स्पर्धकाला आपण पुढे आहोत की मागे, हे धावताना नीट कळत नाही. त्याची खरी स्पर्धा स्वतःच्या थकव्याशीच असते. दुसरा प्रकार म्हणजे स्की-उडी. उंच उतारावरून वेगाने घसरत यायचे आणि टोकावरून हवेत झेप घ्यायची. उडी किती लांब गेली हे मोजतात. शिवाय हवेत शरीर कसे ठेवले आणि जमिनीवर कसे उतरले, हे पाहून पंच गुण देतात. शर्यत आणि उडी या दोन्हींचे गुण एकत्र करून एक तिसरी स्पर्धा होते. तिला संयुक्त स्पर्धा म्हणतात. शर्यतीला दम लागतो, तर उडीला धाडस लागते. ज्याच्याकडे दोन्ही आहे, तोच संयुक्त स्पर्धेत टिकतो. नॉर्वेचे लोक अशा खेळाडूलाच खरा स्कीपटू मानत.

नॉर्वेच्या राजधानीचे नाव त्या वेळी क्रिस्तियानिया होते. १९२५ पासून तिला ओस्लो म्हणू लागले. या शहराच्या वरच्या बाजूला होल्मेनकोलेन नावाची टेकडी आहे. तेथे १८९२ पासून स्कीच्या मोठ्या स्पर्धा होत आल्या आहेत. त्या दिवशी हजारो लोक टेकडीवर जमतात. होल्मेनकोलेनला विजय मिळवणे हे नॉर्वेच्या प्रत्येक स्कीपटूचे स्वप्न असते.

होल्मेनकोलेनची पन्नास किलोमीटरची शर्यत सर्वांत अवघड समजली जाई. ही शर्यत टोर्लाइफ हाऊगने १९१८ मध्ये प्रथम जिंकली. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला. १९२० मध्ये जिंकला आणि १९२१ मध्येही जिंकला. एवढ्यावरच तो थांबला नाही. १९१९, १९२० आणि १९२१ या तीन वर्षी त्याने तेथील संयुक्त स्पर्धाही जिंकली. म्हणजे लांबचे अंतर कापण्यात तो पहिला होता आणि उडी मारण्यातही मागे नव्हता. १९२३ मध्ये पन्नास किलोमीटरची शर्यत पुन्हा त्याच्याच नावावर लागली.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. हाऊग हा हौशी खेळाडू होता. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारा. त्या काळी मोठ्या स्पर्धांचे नियम कडक होते. खेळून पैसे मिळवणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये भाग घेता येत नसे. विजेत्याला पदक किंवा चषक मिळे, लोकांचे प्रेम मिळे. पण पोट भरायला दुसरे काम करावे लागे.

त्या काळची साधनेही साधी होती. स्की लाकडाच्याच असत. लाकडात पाणी मुरू नये म्हणून त्यांना डांबर लावीत. बर्फ कसा आहे हे पाहून खालच्या बाजूला मेण घासावे लागे. बर्फ ओला असेल तर एक मेण, कोरडा असेल तर दुसरे. मेण चुकले तर चढावर स्की मागे घसरे, नाहीतर तळाला बर्फ चिकटून पाय जड होत. आज स्कीची वाट यंत्राने तयार करतात. तेव्हा असे काही नव्हते. पुढे गेलेल्याच्या स्कीने जी रेघ पडे, तीच मागच्याची वाट.

१९२४ साल उजाडले. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत शामोनी नावाचे गाव आहे. माँ ब्लाँ हे उंच शिखर या गावाच्या डोक्यावरच आहे. या गावात जानेवारी महिन्याच्या शेवटी बर्फावरील खेळांचा एक मोठा सप्ताह भरवायचे ठरले. १६ देशांनी आपले खेळाडू पाठवले. या सामन्यांना त्या वेळी ऑलिंपिक सामने असे नाव नव्हते. ते सामने यशस्वी झाल्यावर १९२६ मध्ये त्यांना पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने म्हणून मान्यता मिळाली.

आश्चर्य असे, की हिवाळी ऑलिंपिक भरवण्याची कल्पना नॉर्वेला सुरुवातीला मुळीच आवडली नव्हती. स्की हा आपला खेळ आहे, त्याच्या स्पर्धा आपल्याकडे उत्तम चालल्या आहेत, मग त्या दूरच्या देशात कशाला न्यायच्या, असे तेथील अनेक लोकांना वाटे. तरीही नॉर्वेने आपला संघ पाठवला. त्या संघात टोर्लाइफ हाऊग होता. त्याचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते.

३० जानेवारी १९२४ रोजी पन्नास किलोमीटरची शर्यत झाली. आल्प्सच्या थंडीत चढउतार पार करत स्पर्धक निघाले. तास गेला, दोन तास गेले, तीन तास गेले. हाऊगची लय बिघडली नाही. त्याने ही शर्यत ३ तास ४४ मिनिटे आणि ३२ सेकंदांत पूर्ण केली. त्याच्या मागे त्याचाच सोबती टोराल्फ स्ट्रॉमस्टाड होता. त्याला १ मिनिट ५१ सेकंद जास्त लागले. तिसरा आला योहान ग्रोटुम्सब्रोटेन आणि चौथा योन मॉर्डालेन. हे चौघेही नॉर्वेचेच होते! पाचवा स्पर्धक स्वीडनचा होता. त्याला चौथ्यापेक्षा पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला. नॉर्वेचे लोक स्कीच्या खेळात किती पुढे आहेत, हे त्या दिवशी जगाला समजले.

मध्ये दोनच दिवस गेले. २ फेब्रुवारीला अठरा किलोमीटरची शर्यत होती. पन्नास किलोमीटर कापलेल्या माणसाचे अंग एवढ्यात पूर्ववत होत नाही. शिवाय छोट्या शर्यतीत पहिल्यापासूनच वेग ठेवावा लागतो. पण हाऊगने ही शर्यतही जिंकली. त्याला १ तास १४ मिनिटे ३१ सेकंद लागले. ग्रोटुम्सब्रोटेन दुसरा आला आणि फिनलंडचा तापानी निकू तिसरा आला. दोन शर्यती, दोन सुवर्णपदके!

आता उरली स्की-उडी. ४ फेब्रुवारीला उड्यांचा दिवस होता. अठरा किलोमीटर शर्यतीचे आणि उडीचे गुण मिळून संयुक्त स्पर्धेचा निकाल लागणार होता. त्यात हाऊग पहिला आला. त्याचे तिसरे सुवर्णपदक झाले. स्ट्रॉमस्टाड दुसरा आणि ग्रोटुम्सब्रोटेन तिसरा आला. नॉर्वेने त्या सामन्यांत एकूण चार सुवर्णपदके मिळवली. त्यांतील तीन एकट्या हाऊगची होती.

त्याच दिवशी केवळ उडीची वेगळी स्पर्धाही झाली. तिच्यात नॉर्वेचा याकोब टुलिन टाम्स पहिला आला आणि नार्वे बोन्ना दुसरा आला. तिसऱ्या जागेसाठी मात्र चुरस होती. एका बाजूला टोर्लाइफ हाऊग, तर दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा अँडर्स हाऊगेन. दोघांची नावे किती सारखी! हाऊगेनचा जन्मही नॉर्वेतलाच. तरुणपणी तो अमेरिकेला गेला आणि तेथेच स्थायिक झाला. शामोनीला तो अमेरिकेच्या संघाचा कप्तान होता. त्या दिवशी सर्वांत लांब उडी त्याचीच होती. ती पन्नास मीटर गेली होती. पण पंचांना त्याची उडी मारण्याची पद्धत फारशी पसंत पडली नाही, म्हणून त्याचे गुण कमी झाले.

निकाल जाहीर झाला. हाऊगला १८.००० गुण आणि हाऊगेनला १७.९१६ गुण. फरक एका गुणाच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. कांस्यपदक हाऊगला मिळाले आणि हाऊगेन चौथा ठरला. दोघांनीही निकाल मान्य केला. हाऊग चार पदके घेऊन मायदेशी परतला, तर हाऊगेन रिकाम्या हाताने अमेरिकेला गेला.

शामोनीहून परतल्यावर हाऊगने होल्मेनकोलेनची पन्नास किलोमीटरची शर्यत सहाव्यांदा जिंकली. लोकांच्या कौतुकाला सीमा उरली नाही. १९२६ मध्ये फिनलंडमधील लाहती येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्याला संयुक्त स्पर्धेचे रौप्यपदक मिळाले. त्या वेळी सुवर्णपदक मिळाले ग्रोटुम्सब्रोटेनला. शामोनीला जो मागे राहिला होता, तोच आता पुढे गेला. १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही ग्रोटुम्सब्रोटेनने दोन सुवर्णपदके जिंकली. खेळात असेच घडते. एकाने वाट पाडायची आणि मागून येणाऱ्याने त्या वाटेवरून पुढे जायचे.

हाऊगला दीर्घ आयुष्य लाभले नाही. १९३४ च्या डिसेंबर महिन्यात त्याला न्यूमोनिया झाला. या आजारात फुप्फुसांना सूज येते आणि श्वास घेणे कठीण होते. आज यावर चांगली औषधे आहेत. त्या काळी पेनिसिलिनसारखे औषध रोग्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. ज्या छातीने बर्फातले पन्नास पन्नास किलोमीटर सोसले होते, तीच छाती या आजारापुढे हरली. १२ डिसेंबर १९३४ रोजी द्रामेन येथे हाऊगचे निधन झाले. त्याचे वय अवघे ४० वर्षांचे होते. लोकांनी द्रामेनमध्ये त्याचा पुतळा उभारला.

आता ही कथा येथेच संपायला हवी होती. पण ती संपली नाही.

वर्षे लोटली. १९७४ मध्ये शामोनीच्या सामन्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. हाऊगचा जुना सोबती टोराल्फ स्ट्रॉमस्टाड त्या वेळी हयात होता. जुने निकाल चाळताना उडीच्या गुणांचा हिशेब जुळत नाही, असे दिसून आले. याकोब वॉगे हे स्कीच्या खेळाचे नामवंत इतिहासकार होते. त्यांनी गुणांचा हिशेब पुन्हा तपासला. तेव्हा चूक स्पष्ट झाली. हाऊगचे खरे गुण १८.००० नव्हतेच, ते होते १७.८२१. म्हणजे हाऊगेनचे १७.९१६ गुण त्याच्याहून अधिक होते. तिसरा क्रमांक हाऊगेनचा होता. पन्नास वर्षे कोणाच्याही लक्षात न आलेली ती चूक केवळ आकडेमोडीची होती.

येथे थोडा विचार करा. हाऊगला जाऊन चाळीस वर्षे झाली होती. तो नॉर्वेचा लाडका वीर होता. चूक शोधून काढणारे लोकही नॉर्वेचेच होते. जुनी गोष्ट आहे, आता कशाला उकरायची, असे म्हणून त्यांना गप्प बसता आले असते. कोणी त्यांना जाबही विचारला नसता. शिवाय ती चूक हाऊगची नव्हती. त्याने कोणाचे काही लपवून घेतले नव्हते. पंचांनी जे दिले ते त्याने घेतले होते. आपल्या गुणांत चूक झाली आहे, हे त्याला जिवंतपणी कधी कळलेही नाही. पण म्हणून दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. नॉर्वेच्या लोकांनी सत्य उघड केले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निकालात दुरुस्ती केली आणि तिसरा क्रमांक अँडर्स हाऊगेन यांना दिला.

हाऊगेन तेव्हा हयात होते. त्यांचे वय पंच्याऐंशी वर्षांचे होते. शामोनीच्या उतारावरून झेप घेणारा तो तरुण आता वृद्ध झाला होता. १९७४ च्या सप्टेंबर महिन्यात ते अमेरिकेहून आपल्या जन्मभूमीला, नॉर्वेला आले. ओस्लो येथे एक छोटा समारंभ झाला. तेथे टोर्लाइफ हाऊगच्या मुलीने आपल्या वडिलांचे ते कांस्यपदक स्वतःच्या हाताने हाऊगेन यांना दिले. स्की-उडीत ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले अमेरिकन ठरले. त्यासाठी त्यांना पन्नास वर्षे थांबावे लागले होते. पुढे दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

वडिलांची आठवण म्हणून जपलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. वडील आता या जगात नाहीत, आठवणी तेवढ्या उरल्या आहेत. मग त्यांतलीच एक का द्यावी, असे कोणाच्याही मनात येईल. पण त्या मुलीने पदक दिले. ते देऊन तिने वडिलांची कीर्ती कमी केली नाही. घरात चुकीने आलेले एक पदक गेले, पण वडिलांचे नाव निर्मळ राहिले. त्यांची तीन सुवर्णपदके त्यांच्या स्वतःच्या श्रमाची होती. त्यांना कोणताही हिशेब धक्का लावू शकत नव्हता.

आज ऑलिंपिकच्या नोंदींत टोर्लाइफ हाऊगच्या नावापुढे तीन पदके आहेत, आणि तिन्ही सोन्याची आहेत. स्की-उडीच्या निकालात त्याचे नाव चौथ्या क्रमांकावर आहे. पन्नास किलोमीटर आणि अठरा किलोमीटरच्या शर्यतींत, तसेच संयुक्त स्पर्धेत, ते पहिल्या क्रमांकावर आहे. जे त्याचे होते ते त्याच्याकडे राहिले आणि जे दुसऱ्याचे होते ते दुसऱ्याला मिळाले. बर्फावरच्या वाटा ऊन पडले की वितळून जातात. हाऊगची वाट मात्र अजून पुसली गेलेली नाही.